नुसतं चालणं पुरत नाही, तोलाचंही बघा
"रोज चालतो, मग तोलाचे वेगळे व्यायाम कशाला?" असं कुणीतरी विचारलंय, म्हणून लिहितोय. आमच्या आईला मधुमेह आहे, ती वर्षानुवर्षं कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर चालते. तरी एकदा पायातली चप्पल निसटली आणि चार पावलं तिला कळलंच नाही! मधुमेहात तळपायाच्या नसा बधिर होऊ शकतात, मग जमिनीचा अंदाज येत नाही. तोंड धुताना डोळे मिटले तरी तोल जातो. आता ती ओट्याला धरून एका पायावर १० सेकंद उभी राहते, मग पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालते. वयस्कर मधुमेहींनी हे आठवड्यातून २-३ वेळा करावं. फक्त अनवाणी नको, आणि सुरुवातीला शेजारी कुणीतरी हवंच.