अनुभव धागा: लिनक्स मिंट २२.२ टाकलं का? सातारा-सांगलीकरांनो, काय चाललं, काय अडलं ते लिहा

सप्टेंबर २०२५ च्या ४ तारखेला, म्हणजे विसर्जनाच्या दोन दिवस आधी, लिनक्स मिंटचं, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचं, २२.२ आलं, झारा नावाचं. पुढं सव्वा महिन्यात, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट थांबले, आणि तेव्हापासनं माझ्या दुकानात रोज कोण ना कोण विचारतंय की आता हे मशीन भंगारात घालायचं का. म्हणून म्हटलं एका जागी सगळ्यांचे अनुभव गोळा करू. ज्यांचं जमलं त्यांनी लिहा, ज्यांचं नाही जमलं त्यांनी तर नक्की लिहा.

आधी माझं सांगतो. आमच्या सांगलीत हा प्रश्न एवढा मोठा का झालाय त्याला कारण २०१९ चा महापूर. ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, मारुती चौकातली तळमजल्यावरची दुकानं बुडाली, माझं झेरॉक्सचं दुकानही त्यात गेलं. पाणी उतरल्यावर कॉम्प्युटर चिखलातनं काढला तर आतल्या पंख्यात गाळ सुकून विटेगत घट्ट झालेला, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तरी निघंना. त्यावेळी नवीन घ्यायला पैसा कुणाकडं होता, म्हणून आम्ही बऱ्याच जणांनी पुण्याच्या कंपन्यांतनं निघालेली सेकंडहँड मशीनं घेतली, इंटेलच्या चौथ्या नाहीतर सहाव्या जनरेशनच्या प्रोसेसरची. आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, वर टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते. म्हणजे पुरानंतर कसंबसं उभं केलेलं सगळंच बाद. मला हे मनाला लागलं, खरं सांगतो, कारण मशीन काही बिघडलेलं नाही, दिवसभर चालतंय.

चौथ्या जनरेशनचा आय-५, ८ जीबी रॅम, त्यात २४० जीबीची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क, टाकली आणि मिंटचं सिनॅमन एडिशन बसवलं. पेनड्राइव्हवरनं आधी नुसतं चालवून बघितलं, वायफाय, साउंड, स्कॅनर सगळं लागलं, मग इन्स्टॉल मारलं, वीस मिनिटांत झालं. वेग चांगला आलाय पण निम्मा वेग एसएसडीचा आहे हे पण सांगतो, जुन्या हार्डडिस्कवर टाकून चमत्कार होईल असं कुणी समजू नका. अडलं कुठं, तर प्रिंटरला. रंगीत इंकजेट यूएसबी लावल्यालावल्या आपोआप दिसला. पण माझा रोजचा धंदा ज्याच्यावर चालतो तो बारा वर्षं जुना काळा लेसर प्रिंटर, त्यातनं एक पान निघालं नाही. सध्या तो दुसऱ्या विंडोजच्या मशीनला लावलाय आणि शेअर फोल्डरमधनं पीडीएफ तिकडं टाकतोय. कुणाला उपाय माहीत असला तर सांगा.

कराडहून, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

माझ्याकडं आधीपासून २२.१ होतं, अपडेट मॅनेजरच्या एडिट मेनूतनं थेट अपग्रेड केलं, चहा पिऊन येईपर्यंत झालं. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे फिंगविट, बोटाच्या ठशाचं नवीन ॲप. लॅपटॉप घेतल्यापासून तो सेन्सर नुसता शोभेला होता. आता स्क्रीन लॉक उघडायला आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) सुडोला, म्हणजे ॲडमिनची परवानगी लागते तिथं, बोट ठेवलं की काम होतं. घरी वडिलांचं बोट पण घालून बघितलं, त्यांचं काही घेतलं नाही, उसाच्या कामानं बोटांच्या रेषाच राहिल्या नाहीत, रेशनच्या दुकानात पण त्यांना हाच त्रास होतो. त्यामुळं घरातल्या सगळ्यांसाठी लावायचं असेल तर पासवर्ड लक्षात राहील असा ठेवा.

कोरेगाव, किराणा दुकान

आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतंय त्यामुळं ते काढता येत नाही, म्हणून पुतण्यानं काय केलं, विंडोजची हार्डडिस्क काढून बाजूला ठेवली, नवीन एसएसडीवर मिंट टाकलं आणि मग दोन्ही जोडल्या, चालू करताना पाहिजे ते निवडायचं. झाक चाललं. चार दिवसांनी एक गिऱ्हाईक बिल घेऊन परत आलं, म्हणालं शेठ मी सकाळी साडेदहाला माल नेला आणि तुमच्या बिलावर पहाटेचे ५ वाजलेत. बघतो तर सगळी बिलं तशीच, साडेपाच तास मागं. आम्हाला वाटलं मदरबोर्डचा सेल गेला, तो बदलला, तरी तेच. मग कळलं की लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच इथली वेळ समजतं, आपण साडेपाच तास पुढं म्हणून फरक बरोबर तेवढाच. मिंटमध्ये टर्मिनलवर एक ओळ देऊन घड्याळ इथल्या वेळेवर ठेवायला सांगितलं, तेव्हापासनं ठीक आहे. दुकानदार मंडळींनी पहिल्याच दिवशी बिलावरची वेळ बघून घ्या, महिनाअखेरीला सापडलं असतं तर मला सगळं निस्तरता आलं नसतं.

आणि एक, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि मिंटमधनं डी ड्राइव्ह नुसता वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही.

मिरज, मराठी टायपिंग शिकवते

मी इन्स्क्रिप्टवाली, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण किबोर्ड लेआउटवर टाइप करणारी. टायपिंगचा क्लास चालवते आणि अनुवादाची कामंही घेते, त्यामुळे माझ्यासाठी कुठल्याही सिस्टिमची परीक्षा एकच, मराठी नीट उमटतं का. किबोर्ड सेटिंगमध्ये लेआउटमध्ये जाऊन मराठी एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट घेतलं, काहीही डाउनलोड करावं लागलं नाही. कळा त्याच आहेत ज्या मी वीस वर्षं मुलींना शिकवतेय. शिफ्ट-एनवर ळ, शिफ्ट-जेवर ऱ. मी पहिला शब्द टाइप केला तो 'दुसऱ्या', कारण तिथेच गाडी अडते, बऱ्याच ठिकाणी त्याचा 'दुसर्या' होतो. इथे शिफ्ट-जे, मग डीने पाय मोडला, मग स्लॅशवरचा य, पुढे काना, आणि ऱ्या बरोबर आला, लिब्रे ऑफिसमध्ये आला, फायरफॉक्समध्ये आला, पीडीएफ काढली तिच्यातही आला. मला फार बरं वाटलं. आपली भाषा लिहायला आपल्याला तडजोड करावी लागू नये एवढीच माझी अपेक्षा असते.

ज्यांना इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करायची सवय आहे त्यांनी आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर बसवून त्यात एम१७एन हा भाषांचा संच घ्यायचा, त्यात मराठी फोनेटिक मिळतं. भाषा बदलायची कळ मात्र स्वतः ठरवावी लागते, लेआउटच्या ऑप्शन्समध्ये अल्ट-शिफ्ट निवडा. माझ्या क्लासच्या मुली पहिल्या दिवशी तिथेच अडकल्या होत्या.

विटा, डीटीपी

ताई, माझ्याकडं पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका नि यात्रेची पत्रकं जुन्या फाँटमध्ये आहेत, युनिकोडच्या (आता सगळीकडं चालते ती अक्षरांची पद्धत) आधीच्या. मिंटमध्ये फाइल उघडली की सगळं इंग्रजी गिचमिड दिसतंय. हे सगळं गेलं म्हणायचं का?

मिरजेहून परत मीच

नाही दादा, काही गेलं नाही. त्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून फाँट नसला की खालची इंग्रजी अक्षरं दिसतात. तुमच्या विंडोजमधली ती फाँटची फाइल आणा, होममध्ये डॉट फाँट्स नावाचा फोल्डर करून त्यात टाका, लिब्रे ऑफिस बंद करून उघडा. मजकूर दिसेल. पण ते नुसतं दिसणं झालं, शोधता येणार नाही, मोबाइलवर पाठवलं तर परत गिचमिडच. म्हणून जे परत परत लागतं ते कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये करून घ्या आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला, क्ष आणि ज्ञ तर हमखास तपासा.

तासगाव, कर सल्लागार

माझं जमलं नाही, आणि ते पण इथं यायला पाहिजे म्हणून लिहितो. बेदाण्याचे व्यापारी माझे अशील, सौदे सुरू झाले की रात्री अकरापर्यंत बसावं लागतं. अकाउंटिंगचं पॅकेज वाइनमधनं (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायची सोय) चालवून बघितलं, उघडलं, दोन एंट्र्या झाल्या, प्रिंटला बंद पडलं. डिजिटल सहीचं टोकन दिसलं पण सही करताना ब्राउझर त्याला ओळखेना. आठ दिवस खटपट केली, मग रिटर्नची तारीख जवळ आली आणि मी मागं फिरलो. दुसऱ्याच्या पैशाचं काम आहे, तिथं प्रयोग करायचा नसतो. ऑफिसला विंडोज ११ चं नवीन मशीन घेतलं आणि जुन्या मशीनवर मिंट ठेवलंय, बँकेची कामं, ईमेल, सातबारा काढणं, मुलीचा अभ्यास, सगळं त्यावर होतं आणि ते चांगलं होतं. माझ्यासारख्यांनी एकदम उडी मारू नका एवढंच.

वाई

४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, मिंटचं हलकं एक्सएफसीई एडिशन, वायफाय दिसतच नव्हतं. केबलही नाही. मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू केलं, नेट आलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्यानं वायफायचा ड्रायव्हर स्वतःच सुचवला. रिस्टार्ट, झालं. आई त्यावर कीर्तनं ऐकते.

जतकडची जिल्हा परिषद शाळा, शिक्षक

शाळेत पाच मशीनं धूळ खात पडली होती, ४ जीबीची. सगळ्यांवर एक्सएफसीई टाकलं. इन्स्टॉल करताना भाषा मराठी निवडली कारण चौथीच्या पोरांना इंग्रजी मेनू वाचता येत नाही. आता अडचण अशी की निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी. मेनूतली नावं मराठीत, आत गेलं की वाक्यच्या वाक्यं इंग्रजी, आणि काही मराठी शब्द असे की मलाच कळेना. एका पोरीनं विचारलं, सर हे कुठल्या गावचं मराठी आहे. मी त्यावर बराच विचार केला. मिंटचं भाषांतर लाँचपॅड या वेबसाइटवर लोकच करतात, कुणीही खातं उघडून सुचवू शकतं. मराठीत करणारी माणसं कमी म्हणून ते तसं आहे, दुसरं कारण नाही. मी रोज रात्री दहा ओळी करतोय. शब्द आधी वर्गात विचारतो. डिलीटला पोरं म्हणाली 'पुसून टाका', फाइल मॅनेजरला काही सुचेना, मग फाइलला फाइलच ठेवलं कारण घरी सातबाऱ्याची फाइल म्हणतातच की. मिरजेच्या ताईंना विनंती आहे, तुम्ही शुद्धलेखन बघून द्याल का? माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे.

मिरजेहून

सर, जरूर. पाठवा, रविवारी बसते.

आटपाडी

आमच्याकडं लाइटीचा काही भरवसा नाही. कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, अपडेट चालू असताना लाइट गेली, यूपीएस नव्हता, परत चालू केलं तर नुसती काळी स्क्रीन. मी घामानं भिजलो कारण बायकोचं बचत गटाचं सगळं रजिस्टर त्यात होतं. भावानं फोनवर सांगितलं, चालू करताना शिफ्ट दाबून धर, मेनू येईल, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नल निवड. जुन्यावर सुरू झालं. मग टाइमशिफ्टमधनं (सिस्टिमची आधीची स्थिती जपून ठेवणारं ॲप) आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट परत आणला, अपडेट पुन्हा मारलं, सगळं जागेवर. त्यामुळं इन्स्टॉल झाल्यावर पहिलं काम टाइमशिफ्ट चालू करा. पण ते सिस्टिमच्या फाइलींचा स्नॅपशॉट घेतं, तुमचे फोटो नि रजिस्टरं त्यात येत नाहीत, त्याची कॉपी वेगळ्या डिस्कवर पाहिजेच. सांगलीच्या मंडळींना हे मी काय सांगणार.

पलूस

सांगलीच्या झेरॉक्सवाल्या दादांसाठी. तुम्ही म्हणताय त्या जातीचे लेसर प्रिंटर स्वतःची वेगळीच भाषा बोलतात, त्यामुळं साध्या ड्रायव्हरनं हलत नाहीत. पण ती भाषा समजून घेऊन कुणीतरी स्वतंत्र ओपन सोर्स ड्रायव्हर लिहिलाय, सोर्समधनं कंपाइल करावा लागतो, म्हणजे मूळ कोडवरनं आपल्याच मशीनवर तयार करून घ्यावा लागतो. मी आमच्या सोसायटीत तसाच चालवतोय. तुमच्या मॉडेलला चालतो का ते आधी यादीत बघा, मग पुढं जा.

सांगली, धागा काढणारा

पलूसच्या दादा, चालला! मॉडेल यादीत होतं. काल रात्री दुकान बंद करून बसलो, दोनदा एरर आली, एक पॅकेज कमी होतं, ते टाकल्यावर कंपाइल झालं. पहिलं पान निघालं पण खालच्या दोन ओळी गायब. बघितलं तर कागद लेटर साइजचा धरलेला, मी इन्स्टॉल करताना इंग्लिश अमेरिका निवडलं होतं त्याचा परिणाम. ए४ केलं. तुम्ही टाकताना इंग्लिश इंडिया निवडा म्हणजे हा घोळ होणार नाही. आज सकाळी हरिपूरचे एक आजोबा सातबारा घ्यायला आले, त्यांचं पान मिंटवरनं सरळ काळ्या प्रिंटरवर काढलं. खालच्या ओळींसकट पूर्ण आलं.

कुणाला बसवून पाहिजे असेल तर रविवारी दुपारपर्यंत दुकान उघडं आहे. ४ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, ३ जीबीच्या आत बसते. डेटा आधी दुसरीकडं घेऊन या.