कॅराव्हॅनची कोपऱ्याची पट्टी सुटली, मदत हवी आहे

भाऊ, परतवाड्याजवळ शेतात आमची गाडीमागे ओढायची कॅराव्हॅन उभी असते. मागच्या कोपऱ्यावरची ॲल्युमिनियमची पट्टी हातभर सुटली आहे. स्क्रू गंजले, आतला प्लाय ओलसर लागतो. उन्हाळ्यात 45 अंशांत जुनं सीलंट कडक होऊन भेगाळलं. आता पाऊस तोंडावर आहे, म्हणून जीव घाबरतो.

नुसतं वरून सिलिकॉन मारणं मला पटत नाही. जुन्यावर नवं धरत नाही, अन् पाणी आतच कोंडतं. पट्टी काढून, प्लाय पूर्ण वाळवून, खाली ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट, रबरी टेप) लावून स्टेनलेसचे स्क्रू मारावेत, असा विचार आहे. पण भोकं मोठी झाली आहेत. इपॉक्सीनं बुजवू की लाकडाच्या खुंट्या ठोकू? ही टेप अमरावतीत कुठे मिळेल? बस-बॉडीचं काम करणारा चांगला कारागीर माहीत असेल तर तोही सुचवा.