शब्दचर्चा: ‘होमब्रू’ गेमला मराठीत काय म्हणायचं? आणि ‘पोर्ट’ला?

आळसोबा
दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. ज्यांचं उत्पादन कधीच बंद झालं, अशा कन्सोलसाठी (टीव्हीला जोडायचे गेमचे डबे) आणि होम कॉम्प्युटरसाठी आजही नवे गेम निघतात, हा विषय. संपादकबाईंनी दोन शब्दांभोवती लाल गोल करून मजकूर परत पाठवलाय: ‘होमब्रू’ (कंपनीच्या परवान्याविना केलेला गेम) आणि ‘पोर्ट’ (एका मशीनचा गेम दुसऱ्या मशीनवर आणणं). वाक्य असं आहे: ‘मायक्रो मेजेस हा २०१९ साली आलेला होमब्रू गेम एनईएसच्या अवघ्या ४० केबीत बसवला आहे.’ (एनईएस म्हणजे निन्टेन्डोचा जुना कन्सोल.) होमब्रूच्या जागी काय टाकू? ‘घरगुती’ टाकून पाहिलं, लोणच्याची जाहिरात वाटते.

फुकटफौजदार
हातभट्टीचा गेम. धागा बंद करा.

खुंटी
फौजदार, हसले. पण भट्टीवर दारू गाळतात, ब्रू करणं म्हणजे आंबवणं. तो फरक सोडला तरी हातभट्टी म्हटलं की मागून धाड आलीच. मायक्रो मेजेसची चित्रं, संगीत, कोड सगळं जर्मनीतल्या एका छोट्या चमूचं स्वतःचं आहे. तो निन्टेन्डोच्या परवान्याने निघालेला नाही, इतकंच. एनईएसमध्ये कुलपाची चिप होती आणि तिची जोडीदार चिप कंपनीने मान्य केलेल्या कॅसेटमध्येच असायची, म्हणून तिथे ‘परवान्याविना’ या गोष्टीला वजन आहे. मी ‘गावठी’ सुचवते. गावठी दारू असते तशी गावठी अंडीही असतात, आणि अंड्यांना आपण आनंदाने जास्त पैसे देतो.

अँटेना
शब्द दारूवरूनच आलाय, पण गेमवाल्यांकडे थेट गुत्त्यातून आलेला नाही. हॅम रेडिओवाले (हौसेने बिनतारी संदेश पाठवणारे) स्वतः जोडलेल्या सेटला खूप आधीपासून होमब्रू म्हणतात, आपल्याकडचे हॅमसुद्धा. मग ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एका गॅरेजात होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली. ॲपलचा सहसंस्थापक वॉझ्नियाकने ॲपल-१ हा कॉम्प्युटर याच क्लबात दाखवला. गंमत अशी की त्या वर्षी अमेरिकेत घरी बीअर करणं केंद्रीय कायद्याने गुन्हाच होता. तो उठवण्याच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांची सही झाली १९७८ मध्ये. तेव्हा फौजदारांचा शब्द अगदीच हवेतला नाही. तरी माझं मत ‘हौशी’ला. हौशी रंगभूमी चालते तर हौशी गेम का नको?

निशाचर
कारण हौशी म्हटलं की ‘विकत नाहीत, फावल्या वेळात करतात’ असं ऐकू येतं. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवरचा झेनो क्रायसिस, तोही २०१९ चाच, रीतसर स्टुडिओने करून कॅसेट-डबा-पुस्तिकेसकट विकलाय. त्यांना हौशी म्हणणं म्हणजे अपमान.

आणि आणखी एक. होमब्रू हा शब्द कन्सोललाच नीट लागतो. स्पेक्ट्रम किंवा कमोडोर ६४ या होम कॉम्प्युटरवर कुणाची परवानगी मुळात लागतच नव्हती. मॅथ्यू स्मिथने १९८३ मध्ये स्पेक्ट्रमवर मॅनिक मायनर हा गेम केला तेव्हा तो अजून विशीतही नव्हता. तिथे सगळंच घरचं, मग घरचं वेगळं काय सांगणार? स्पेक्ट्रमसाठी सरळ ‘नवा गेम’ लिहा.

आळसोबा
हे पटलं. तुम्ही दोघं एनईएसच्या तुकड्याला ‘कॅसेट’ म्हणताय, तेही ठेवू ना? बाई ‘कार्ट्रिज’ करतील.

खुंटी
करू देऊ नका. कॉन्ट्राची कॅसेट, मारिओची कॅसेट, फुंकर मारून लावायची ती कॅसेट. नव्वदीतल्या मुलांनी दुसरा शब्द वापरलेला मला आठवत नाही. फक्त त्याच लेखात स्पेक्ट्रम आला की पंचाईत आहे, त्याचे गेम खरोखरच्या ऑडिओ कॅसेटवर यायचे. तिथे ‘टेप’ लिहा.

फुकटफौजदार
बरं, पोर्टला ‘बंदर’.

झेड८०चा जावई
फौजदारांना कुणीतरी आवरा. पोर्ट सगळ्यांना कळतो हो, मोबाइलचा नंबर पोर्ट करून झालाय प्रत्येकाचा. नंबर तोच, कंपनी बदलली. गेमच्या बाबतीतही मूळ अर्थ तोच, कोड तोच, मशीन बदललं. गोची अशी की गेमवाले हा शब्द फार सैल वापरतात.

प्रिन्स ऑफ पर्शिया घ्या. मूळ १९८९ चा, ॲपल-२ वरचा. कमोडोर ६४ वर तो आला २०११ मध्ये. दोन्ही मशीनचे प्रोसेसर ६५०२ च्या घराण्यातले, त्यामुळे मूळ गेमचं पोट बरंचसं तसंच उचलता आलं, ग्राफिक्स आणि आवाजाची बाजू नव्याने करावी लागली. मूळ कर्ता जॉर्डन मेक्नरचा सोर्स कोड (माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्राम) तेव्हा हरवलेला होता, तो सापडला २०१२ मध्ये. म्हणजे करणाऱ्याने बायनरी (मशीनला कळणारा तयार प्रोग्राम) उसवून समजून घेतली. हा खरा पोर्ट. आता २०२१ अखेरीस त्याच कमोडोरवर आलेला सॉनिक पाहा. तो सेगाच्या मास्टर सिस्टिम कन्सोलवरच्या आवृत्तीवर बेतलेला. तिथे झेड८० प्रोसेसर, इथे ६५०२ च्याच घराण्यातला ६५१०. सूचनासंचच वेगळा, एकही सूचना जशीच्या तशी चालणार नाही, वर जादा मेमरीचा विस्तार जोडल्याशिवाय गेम सुरू होत नाही. याला मी पोर्ट म्हणणार नाही, रूपांतर म्हणेन. परक्या नाटकाचं मराठीत करतात तसं: कथा तीच, वाक्यं सगळी नवी.

अँटेना
भेद उत्तम. पण इंग्रजीत दोन्हींना पोर्टच म्हणतात, वाचक गोंधळणार नाही का?

झेड८०चा जावई
इंग्रजीला भेद करायचा नसेल तर तो त्यांचा प्रश्न. आपल्याकडे शब्द आहे, वापरावा. कायद्याच्या बाजूने मात्र दोन्ही सारखेच अडचणीत, एवढं लेखात येऊ द्या. २०१९ च्या एप्रिलमध्ये सुपर मारिओ ब्रदर्स कमोडोरवर आला, कित्येक वर्षांचं काम, आणि कॉपीराइटच्या नोटिशीमुळे चारेक दिवसांत डाउनलोड काढावं लागलं. मायक्रो मेजेसवर अशी वेळ येत नाही. ‘जुन्या मशीनवरचे नवे गेम’ म्हणून दोन्ही एका पिशवीत भरू नका.

निशाचर
हेलो २६०० कुठे बसवणार? एड फ्राइजने २०१० मध्ये अटारी २६०० या जुन्या कन्सोलसाठी केलेला. मूळ गेम एक्सबॉक्सचा, इथे रॅम १२८ बाइट आणि सगळा प्रोग्राम ४ केबी. पोर्ट नव्हे, रूपांतरही म्हणवत नाही. इंग्रजीत डीमेक म्हणतात.

अँटेना
अवनिर्मिती?

खुंटी
हा शब्द मंत्रालयातून शिक्का मारून आल्यासारखा वाटतो. ‘छोटेखानी अवतार’ म्हणा आणि पुढे जा.

आळसोबा
मग असं करतो. होमब्रू पहिल्यांदा येईल तिथे ‘कंपनीच्या परवान्याविना, स्वतःच्या हिमतीवर केलेला’ एवढं सांगून पुढे शब्द तसाच. पोर्ट आणि रूपांतर वेगळे. वाक्य: ‘सॉनिकचं कमोडोरसाठीचं रूपांतर २०२१ मध्ये आलं, प्रिन्स ऑफ पर्शियाची पोर्ट त्याआधी दहा वर्षांची.’

झेड८०चा जावई
‘ची पोर्ट’? तो पोर्ट!

खुंटी
आमच्याकडे ती. गेमसुद्धा ती गेम.

निशाचर
‘ती गेम’ पुण्यात चालतं, मी सांगलीचा, तो गेम. जॉयस्टिक खुपसायचा तो पोर्ट पुल्लिंगीच राहू द्या, म्हणजे निदान दोन पोर्ट वेगळे कळतील.

फुकटफौजदार
आणि बंदर नपुंसकलिंगी.