मदत हवी आहे : पोकेमॉनमधल्या किरकोळ पात्रांचं पूर्वायुष्य

टिपकागद :
नमस्कार मंडळी. प्रश्न पोरकट वाटेल, पण मी दोन आठवडे अडकून पडले आहे.

चिरंजीव चौथीत आहेत. दिवाळीच्या सुट्टीत वाढदिवस असतो. यंदा फर्माईश अशी की मित्रांसाठी पोकेमॉनवर (माणसं अद्भुत प्राणी पाळून लढवतात ती जपानी मालिका) 'ओळखा पाहू' खेळ ठेवायचा, पण त्यात ॲश, मिस्टी, पिकाचू असलं काही नको. त्याच्या शब्दांत, "एकदाच येऊन जातात ती माणसं" हवीत. पोस्टकार्डाएवढे बारा पुठ्ठे कापलेत. एका बाजूचं चित्र त्याच्याकडे. दुसऱ्या बाजूला मी लिहायचं : गाव, सोबतचा पोकेमॉन आणि चार ओळींत पूर्वायुष्य. मी वाचणार, मुलं नाव ओळखणार.

आठ कार्डं झाली. एजे पटकन झाला. रानात स्वतःच उभारलेली बेकायदा जिम (म्हणजे पोकेमॉनच्या लढतींचा आखाडा), हातात चाबूक, ओळीने ९८ लढती जिंकलेल्या आणि शंभर झाल्याशिवाय इतर जिम जिंकून बॅज मिळवायला निघायचंच नाही हा हट्ट. त्याचा सँडश्रू जमिनीच्या जातीचा असून पाण्याला घाबरत नाही, कारण एजेने त्याला तसं तयार केलंय. एका भागात एवढं सगळं सांगून टाकलंय! मग बाकीच्यांच्या बाबतीत एवढी कंजुषी का?

अडलेली तीन नावं :

मिस्टर फूजी. एका ठिकाणी हे बेवारस पोकेमॉन सांभाळणारे देवमाणूस आजोबा आहेत, दुसरीकडे म्यूटू नावाचा महाबलाढ्य पोकेमॉन तयार करणारा शास्त्रज्ञ. एकच माणूस की दोन?

ब्रॉकची (ॲशच्या मित्राची) आई. मला स्वच्छ आठवतंय, आमच्या लहानपणी ती वारलेली होती. लेक म्हणतो जिवंत आहे, त्याने पाहिली आहे.

डेमियन. चारमेंडर या पोकेमॉनला दगडावर बसवून गेलेला तो नालायक. त्याचं गाव, घर, काहीच सापडत नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. "गूगल कर" असं सांगू नये, केलंय. पाच पानांवर पाच गोष्टी मिळाल्या.

उसळपाव :
चौथीतल्या मुलांना डेमियनचं पूर्वायुष्य विचारणार? आमच्या वेळी वाढदिवसाला वेफर्स आणि संगीत खुर्ची असायची. असो. वाचतोय.

जुना गडी :
ताई, फूजींचं मी सांगतो. हॉस्टेलच्या संगणकावर रेड हा गेम तीनदा संपवलाय, त्या बदल्यात एक विषय राहिला होता.

आधी एक गोष्ट पक्की करा : गेम, मालिका-सिनेमा आणि मांगा (जपानी चित्रकथा) यांची कुटुंबं वेगवेगळी आहेत. आडनाव एक म्हणून एका रेशनकार्डावर घालायची नाहीत. तुमचा गोंधळ तिथूनच सुरू झालाय.

गेममधले फूजी लॅव्हेंडर टाउनमध्ये राहतात. गावात मेलेल्या पोकेमॉनची दफनभूमी असलेला सात मजली मनोरा आहे. टीम रॉकेट या गुन्हेगार टोळीने क्यूबोन या पोकेमॉनच्या आईला, म्हणजे मारोवॅकला, मारलेलं असतं आणि तिचा आत्मा त्या मनोऱ्यात अडकलेला असतो. म्हातारबुवा त्यांना जाब विचारायला वर जातात आणि सर्वांत वरच्या मजल्यावर ओलीस पडतात. सोडवलं की पोकेफ्लूट ही बासरी देतात. बस. स्वतःच्या भूतकाळाबद्दल चकार शब्द नाही.

भूतकाळ आहे तो सिनाबार बेटावर. तिथल्या पडक्या हवेलीत रोजनिशीची सुटी पानं पडलेली असतात. ५ जुलै : दक्षिण अमेरिकेत गयानाच्या जंगलात नवा पोकेमॉन सापडला. १० जुलै : त्याचं नाव म्यू ठेवलं. ६ फेब्रुवारी : म्यूला पिल्लू झालं, त्याचं नाव म्यूटू. १ सप्टेंबर : म्यूटू फार ताकदवान आहे, त्याला आवरणं आम्हाला जमलं नाही. संपलं. जळक्या घरात फिरताना ही चार पानं वाचली होती, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि पंखा बंद. अजून आठवतं.

आता गंमत. त्याच बेटावरच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एक फोटो आहे : संस्थापक, डॉक्टर फूजी. आणि २००४ साली तोच खेळ फायररेड-लीफग्रीन म्हणून नव्याने आला, त्यात तिथल्या जिममध्ये आणखी एक फोटो लावला : जिमप्रमुख ब्लेन आणि मिस्टर फूजी, खांद्याला खांदा लावून हसतायत. एवढ्या दोन फोटोंवरून आपण जोडायचं की प्रयोग फसल्यावर हा माणूस बेट सोडून लॅव्हेंडरला गेला आणि अनाथ पोकेमॉन सांभाळत बसला. गेम तसं थेट कुठेच म्हणत नाही. मला विचाराल तर म्हणूनच ते इतकं चांगलं लिहिलंय.

१९९८ च्या सिनेमातला डॉक्टर फूजी वेगळा. त्याची लहान मुलगी वारलेली असते, तिला परत आणण्यासाठी तो जिवाची नक्कल करण्याच्या मागे लागतो. म्यूटू जागा होतो, प्रयोगशाळा उडवतो, फूजीसकट. हा माणूस पुढे म्हातारा होऊन लॅव्हेंडरला जाणार कसा? आणि 'पोकेमॉन ॲडव्हेंचर्स' या मांगात तर म्यूटू तयार करणारा ब्लेनच आहे, आपल्याच पेशी वापरून. तर कार्ड करताना एकच घर निवडा.

टिपकागद :
बापरे. जुना गडी, खूप खूप धन्यवाद! मुलीचा भाग ठाऊकच नव्हता. आम्ही तो सिनेमा पाहिला त्यात नव्हती ती.

रविवारची दुपार :
नसणारच. इंग्रजी आवृत्ती थिएटरात आली तेव्हा सुरुवातीचा तो भाग कापला होता, नंतर वेगळा आणला.

ब्रॉकच्या आईचाही मामला असाच आहे, आणि तुम्ही दोघंही बरोबर आहात. पाचव्या भागात रस्त्यावर दगड विकणारा दाढीवाला भेटतो ना, फ्लिंट? तो ब्रॉकचा बाप. मोठा ट्रेनर व्हायला घर सोडून गेला, जमलं नाही, आणि लाजेपायी त्याच गावात वेष बदलून दगड विकत बसला. इकडे पोरगा ढीगभर धाकट्या भावंडांना जेवू घालतोय आणि वर जिम चालवतोय. तिथे इंग्रजी संवादात आई वारली असं घातलं. जपानी मूळ संवादात तीही घर सोडून गेलेली असते. मुलांच्या कार्यक्रमात आई सोडून जाते हे कुणाला तरी खटकलं असणार, हा माझा अंदाज. आपण पाहिलेलं हिंदी त्या इंग्रजीवरून, म्हणून तुमच्या आठवणीत ती गेली.

पण जपानी लेखकांच्या लेखी ती जिवंतच होती. त्यांनी मालिकेच्या जोहतो पर्वाच्या शेवटाकडे तिला सरळ घरी आणलं. नाव लोला. येते ती थेट जिमचा ताबा घेते आणि खडकांची ती जिम पाण्याच्या पोकेमॉनसाठी सजवून टाकते! नवरा गप्प. लेकाने पाहिली ती हीच.

कार्डावर लिहा : "मी एका भाषेत वारले, दुसऱ्या भाषेत नुसतीच निघून गेले." ओळखतील का बघा.

टिपकागद :
हे वाक्य मी जसंच्या तसं चोरते आहे. घरात मोठ्याने वाचलं तर पहिला प्रश्न आला, "मग बाबाला राग नाही आला?" उत्तर नव्हतं.

डेमियनचं कुणी सांगेल का?

उसळपाव :
सांगण्यासारखं काही नाहीच. मीही तो अकरावा भाग काल पुन्हा पाहिला (वाचतोय म्हणालो होतो, अडकलो). पोकेमॉन सेंटरमध्ये टेबलावर पोकेबॉलचा (पोकेमॉन ठेवायच्या चेंडूंचा) ढीग, भोवती टाळकी आणि हा फुशारक्या मारतोय. "परत येतो" असं सांगून चारमेंडरला टाकून आलेला. बाहेर पाऊस. शेपटीची ज्योत विझली की चारमेंडर मेला, म्हणून ते पोर एक पान शेपटीवर धरून दगडावर बसलेलं. चाळिशी उलटली माझी, ते पान बघून पुन्हा घशात आलं. शेवटी पोकेमॉन जोरात निघाला म्हटल्यावर डेमियन हक्क सांगायला येतो आणि चारमेंडर त्याने फेकलेला बॉल परत उडवून लावतो. त्यापलीकडे गाव नाही, घर नाही, कारण नाही.

अवांतर : २०१७ च्या सिनेमात हाच प्रसंग क्रॉस नावाच्या मुलावर घेतलाय. त्याच्याकडे लायकॅनरॉक आहे आणि शेवटी तो सुधारतो. ते डेमियनच्या खात्यात टाकू नका. डेमियनला सुधारायची संधी कुणी दिलेली नाही.

रविवारची दुपार :
+१. पूर्वायुष्याच्या चार ओळी कोऱ्या सोडा. फक्त "मी परत येतो म्हणालो होतो" एवढंच लिहा. लहान पोरंसुद्धा ओळखतील.

बारावं कार्ड रिकामं असेल तर टीम रॉकेटमधल्या जेसीची आई घ्या. मियामोतो. टीव्हीवर नाही, जपानी रेडिओ-नाटकात आहे. टीम रॉकेटचीच, म्यूच्या शोधात अँडीज पर्वतात पाठवलेली, बर्फात हरवलेली. तेव्हा टोळीची मालकीण पुढचा म्होरक्या जिओव्हानी याची आई होती. जेसीचं जपानी नाव मुसाशी. आता मायलेकींची नावं जोडून वाचा : मियामोतो मुसाशी, जपानचा प्रसिद्ध तलवारबाज. आणि तिचा टोळीतला जोडीदार जेम्स, त्याचं जपानी नाव कोजिरो, त्याच मुसाशीने १६१२ साली द्वंद्वात हरवलेला प्रतिस्पर्धी. म्हणजे जन्माचे वैरी एका फुग्यातून हिंडतायत.

टिपकागद :
मुसाशीचं नाव ऐकून आमच्या सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. आता त्यांनाही खेळात घ्यावं लागणार.

फूजींचं कार्ड असं केलंय, तपासून द्या :
"गाव लॅव्हेंडर, पूर्वी सिनाबार. माझ्या घरी बेवारस पोकेमॉन राहतात. एकेकाळी मी प्रयोगशाळेत म्यूटू बनवला. जुना मित्र आगीच्या पोकेमॉनची जिम चालवतो. बासरी हवी असेल तर आधी मला मनोऱ्यातून सोडवा."

जुना गडी :
छान. फक्त तिसरं वाक्य बदला. रोजनिशीखाली कुणाचीच सही नाही, आणि तिथे 'बनवला' असंही नाही, म्यूला पिल्लू झालं असंच आहे. 'बनवला' म्हटलं की सिनेमातला फूजी शिरला. "एकेकाळी मी एक प्रयोगशाळा काढली. त्याबद्दल विचारू नका." असं चालेल.

टिपकागद :
खोडून लिहिलं. पुठ्ठा जरा खरवडला गेला, पण चिरंजीव म्हणाले राहू दे, जळक्या हवेलीतून आलाय असं सांगू.