रवांडाच्या संसदेत निम्म्याहून जास्त बायका, पण सत्ता कुणाची?

कोरडवाहू: १९९४ मध्ये एप्रिल ते जुलै, जेमतेम शंभर दिवसांत रवांडात ८ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी जमातीची. पुरुष मेले, पळाले नाहीतर तुरुंगात गेले. उरलेल्या बायकांनी पडकी घरं शाकारली, दुसऱ्यांची अनाथ पोरं सांभाळली. २००३ च्या घटनेनं त्यांना किमान ३० टक्के वाटा दिला आणि २००८ मध्ये कनिष्ठ सभागृहात ८० पैकी ४५ बायका निवडून आल्या. जगात पहिल्यांदाच! आपला ३३ टक्क्यांचा कायदा २०२३ चा, अंमल कधी ते देव जाणे. एवढी उलथापालथ झाल्याशिवाय चौकट हलतच नाही बहुतेक.

रेवा_त: शेवटचं वाक्य एकदा मोठ्यानं वाचून बघा हो. आणि ते ४५ हात वर होतात ते कुणाच्या इशाऱ्यावर? कागामे २००० पासून अध्यक्ष आहेत. २०१७ मध्ये डियान र्विगारा त्यांच्याविरुद्ध उभी राहायला निघाली, तर अर्ज बाद, वर अटक. पुढे निर्दोष सुटली, पण निवडणूक होऊन गेली होती. आपल्याकडे सरपंचपती, तिकडे थेट राष्ट्रपतीच.

कोरडवाहू: वाक्य मागे घेतो. पण सगळं वरून आलं हे काही पटत नाही.

पाटपाणी: संसद राहू द्या, सातबाऱ्याचं बोला. रूढीप्रमाणे मुलीला बापाच्या जमिनीत वाटा नव्हता. नवरा मारला गेला की दीर दारात हजर, जमीन आमची. महिला संघटनांनी रेटा लावला आणि १९९९ मध्ये वारसा कायदा आला, म्हणजे त्या ४५ जणींच्या कितीतरी आधी. मेख एवढीच की लग्न नोंदलेलं हवं. नुसत्या रूढीनं संसार मांडलेल्या बायकोला त्यातून काही मिळेना.

जुना_वकील: बाई आली की सगळं आलबेल, असंही नाही. नरसंहाराच्या वेळी महिला कल्याण खातं पॉलिन न्यिरामासुहुको या बाईंकडेच होतं. २०११ मध्ये त्या दोषी ठरल्या, बलात्कारांच्या गुन्ह्यातही. उलट आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणातला अकायेसू या रवांडातल्या महापौराचा खटला बघा. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा शब्दही नव्हता. एका साक्षीदार आईनं आपल्या सहा वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं. खंडपीठावर नवी पिल्ले नावाच्या न्यायाधीश होत्या, त्यांनी विषय सोडला नाही. आरोपपत्र बदललं आणि १९९८ च्या निकालात बलात्कार हा नरसंहाराचाच भाग ठरला.

रेवा_त: पिल्लेंचं शंभर टक्के मान्य. पण त्या टांझानियातल्या अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात बसल्या होत्या, रवांडाच्या राजधानीतल्या, किगालीच्या सभागृहात नाही.