घरात बैठकीचा तबला हवा, तर किती वॅट?

मंद्रषड्ज
‘घरात ॲम्प्लिफायरचे दोन-पाच वॅटच वापरले जातात, बाकी सगळा शो’ हे वाक्य सगळीकडे फिरतंय. नुसतं गाणं ऐकायला दोन वॅट पुरतात, मान्य. समोर तबला वाजतोय असं वाटायला हवं असेल, तर पुरत नाहीत.

हिशेब करा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८७. आपण बसणार ३ मीटरवर. मोकळ्या मैदानात साडेनऊ डेसिबल गेले असते. हॉलच्या भिंती थोडे परत देतात, म्हणून ६ धरू. दोन स्पीकरांचे ३ मिळवा. हातात आले ८४. चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, खणखणीत ‘ना’ क्षणभर १०४ पर्यंत न्यायचा तर अजून २० हवेत, म्हणजे शंभरपट ताकद: १०० वॅट. १०७ ला २००, ११० ला ४००. म्हणून माझं मत: ८ ओहमच्या (विद्युत रोधाच्या) स्पीकरला चॅनलमागे २०० वॅट आरएमएस (सलग देता येणारी ताकद) ही चैन नाही, गरज आहे.

आटोपशीर
गणित चोख, पण १०४ आणलेत कुठून? बैठकीत कान काही तबल्याला लावून बसत नाही कोणी. मानण्यापेक्षा मोजा की!

जास्तीत जास्त जितक्या मोठ्या आवाजात ऐकता, तिथे नॉब ठेवा. मग नॉबला हात न लावता १२० हर्ट्झची, उणे १२ डेसिबलची (रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीच्या १२ खाली) साइन टोन, म्हणजे एकसुरी शुद्ध आवाज, वाजवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, टोकं स्पीकरच्या टर्मिनलवर. १२ डेसिबल म्हणजे चौपट व्होल्टेज, म्हणून आलेल्या आकड्याला ४ ने गुणा: त्या नॉबवर रेकॉर्डिंगने अगदी वरचं टोक गाठलं, तर एवढं व्होल्टेज लागेल. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या ८ ओहमने भागा. मीटर ४.५ दाखवत असेल तर १८ व्होल्ट, ३२४ भागिले ८, म्हणजे ४० वॅट. झालं.

टोन पाच सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. ॲपमधलं ‘सगळी गाणी एकाच आवाजात’ हे सेटिंग आधी बंद करा, नाहीतर आकडा खोटा येतो. आणि १२० च ठेवा. स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचे नसतात.

मंद्रषड्ज
पद्धत उत्तम, पण नॉब लावताना कोणतं रेकॉर्डिंग चालू होतं ते सांगायचं राहिलं. आजचं सिनेगीत दाबूनदाबून भरलेलं असतं, शिखर सरासरीच्या ८-१० डेसिबल वर. न दाबलेल्या बैठकीत ते १८-२० वर जातं. सरासरी तेवढीच ऐकू यावी म्हणून नॉब ८ डेसिबल चढवलात की तुमचे ४० वॅट २५० होतात.

चौथा_ओहम
भांडा दोघं, पण स्पीकरकडे कोणी बघतंय का? कागदावर ‘९० डेसिबल, २.८३ व्होल्टला’ लिहिलेलं असतं. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, ४ ओहमला २. म्हणजे ४ ओहमचा तो ‘९०’ वाला खरा ८७ वालाच.

दुसरं, स्पीकरमधली तांब्याची कॉइल तापते. तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के वाढतो. कॉइल १०० अंशांनी तापली की रोध ३९ टक्के जास्त, आणि जवळजवळ ३ डेसिबल गेले. ते भरून काढायला वॅट दुप्पट केलेत तर ती आणखी तापणार.

तिसरं डग्ग्याचं. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं. बंद खोक्यातला साडेपाच इंची वूफर घुमाऱ्याला वॅटआधी जागेलाच कमी पडतो. २०० वॅट घेऊन त्याला बडवण्यापेक्षा ९३ वाला मोठा स्पीकर घ्या; तेवढ्याच आवाजाला ५० वॅट पुरतील.

आटोपशीर
ह्याला म्हणतात मुद्दा.

सोल्डर_धूर
२०० घ्यायला निघालेल्यांनी ते २०० मिळतायत का तेही बघा. पीएमपीओचा, म्हणजे फुगवलेल्या क्षणिक वॅटच्या जाहिरातींचा, जमाना गेला, सवय गेली नाही. ‘३०० वॅट’ छापलेल्या क्लास-डी (ॲम्प्लिफायरचा एक प्रकार) बोर्डासोबत २४ व्होल्टचा ॲडॅप्टर देतात. ब्रिज जोडणीतही (स्पीकरची दोन्ही टोकं ॲम्प्लिफायरनेच ढकलायची) शिखर २४ व्होल्टच्या वर जाऊ शकत नाही: २४ चा वर्ग भागिले १६ (८ ची दुप्पट, कारण सरासरी ताकद शिखराच्या निम्मी), ८ ओहमला जेमतेम ३६ वॅट. ४८ व्होल्ट दिलेत तर १४४. आणि तो ‘३००’ बहुधा १० टक्के डिस्टॉर्शनवरचा असतो, म्हणजे आवाज फाटल्यावरचा.

खालचा_मजला
निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, हे कोणाच्या हिशेबात दिसलं नाही!

मंद्रषड्ज
त्या मर्यादा सरासरीच्या आहेत हो, एका ‘ना’च्या नाहीत. आणि तो भिंतीत बराच मरतो. डग्गा मात्र स्लॅबमधून खाली उतरतो हे खरं. चौथा_ओहम यांचं निम्मं पटलं: स्पीकर ९३ चा असेल तर ५० वर मी राजी. ८७ वाल्याला २०० च.

आटोपशीर
आधी मीटर लावा. दाबलेलं नाही असं रेकॉर्डिंग तुम्हीच निवडा, आणि व्होल्ट इथे लिहा.