पुत्राला आरंभ होता का? एरियस, निकेया आणि आपण

नगरकर

जय ख्रिस्त मंडळी.

पुत्र, म्हणजे येशू ख्रिस्त, पित्याइतकाच देव आहे असं ३२५ मध्ये बिशपांच्या ज्या सभेने ठरवलं आणि एरियसचं मत नाकारलं, त्या निकेयाच्या परिषदेला २०२५ मध्ये १७०० वर्षं झाली. त्या निमित्ताने जी प्रवचनं कानावर आली, त्यांत एरियस बहुतेक वेळा खलनायक म्हणूनच आला. त्याचं म्हणणं काय होतं हे मात्र कुणी नीट सांगितलं नाही, म्हणून हा धागा.

एरियस अलेक्झांड्रियातला प्रेस्बिटर, म्हणजे आपल्या भाषेत पाळक. ३१८ च्या सुमारास त्याचं आपल्याच बिशपशी, अलेक्झांडरशी, बिनसलं. बिशपांचं म्हणणं, पिता जसा अनादि तसा पुत्रही अनादि. एरियस म्हणाला, जो जन्मला त्याला आरंभ आहे. पुत्र नव्हता असं एकदा होतं. देवाने सगळ्या सृष्टीच्या आधी त्याला निर्माण केलं आणि त्याच्याद्वारे बाकी सगळं. म्हणजे ख्रिस्त इतर सर्वांहून श्रेष्ठ, पण खुद्द देव नव्हे.

हे त्याने मनाने रचलं का? नीतिसूत्रे ८:२२ वाचा, तिथे ज्ञान म्हणतं की परमेश्वराने आपल्या कार्याच्या आरंभी मला निर्माण केलं. त्या काळी दोन्ही बाजू ते वचन ख्रिस्ताबद्दलच मानत होत्या. कलस्सैकरांस १:१५ मध्ये तो 'सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ' आहे. योहान १४:२८ मध्ये प्रभू स्वतः म्हणतो, 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे.' आणि मार्क १३:३२, तो शेवटचा दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. देवाला एखादी गोष्ट ठाऊक नाही, हे कसं बसवायचं?

मी स्वतः निकेयाचा मतांगीकार, म्हणजे तिथे ठरलेला विश्वासाचा जाहीरनामा, म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण ज्या माणसाने हे प्रश्न उघडपणे विचारले त्याला नुसतं पाखंडी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. आपण उत्तर पाठ केलंय आणि प्रश्न विसरलोय.

वसईची लेक

जय येशू, नगरकर दादा. प्रश्न विसरू नये हे मान्य. पण एरियसची बाजू तुम्ही जितकी साधी मांडलीत तितकी ती नाही.

तुम्ही दिलेली सगळी वचनं अथानासियसला, म्हणजे अलेक्झांडरनंतर बिशप झालेल्या एरियसच्या कट्टर विरोधकाला, माहीत होती, त्याने एकही टाळलेलं नाही. नीतिसूत्रांतलं 'निर्माण केलं' हे तो देहधारणाला लावतो. पुत्राने जो मनुष्यदेह घेतला तो निर्माण झालेला, पुत्र नव्हे. ओढूनताणून वाटेल, पण मागचा विचार पक्का आहे. शब्द देही झाला असं योहान १:१४ सांगतं, तर भूक, थकवा, मरण यांबद्दलची वचनं त्या देहाला धरून वाचायची.

आता अथानासियसचा खरा मुद्दा. पाप आणि मरणातून सोडवून आपल्याला देवाशी जोडणारा जर स्वतःच निर्माण केलेला असेल, तर तो आपल्याच बाजूचा झाला. कितीही थोर असला तरी दरी तशीच राहिली. एरियसच्या देवाने स्वतः काही केलंच नाही, त्याने दुसऱ्याला पाठवलं. वधस्तंभावर देवाने स्वतः आपल्यासाठी सोसलं की एका उत्तम सेवकाला सोसायला लावलं, एवढाच प्रश्न आहे. मला दुसऱ्या प्रकारच्या देवावर प्रेम करता येणार नाही, हे स्पष्टच सांगते.

शिवाय उपासनेचं काय? प्लिनी हा बिथिनियाचा रोमन सुभेदार. साधारण ११२ साली तो सम्राट त्राजानला कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. निकेया त्याच प्रांतात! परिषद भरण्याच्या दोनशे वर्षं आधी तिथली साधी माणसं हे करत होती. बिशपांनी ३२५ मध्ये नवा देव घडवला नाही, लोक ज्याला भजत होते त्याचं त्यांनी समर्थन केलं.

जुनी पानं

इतिहासाच्या बाजूने थोडं. 'बिशपांनी समर्थन केलं' हे वाक्य फार गुळगुळीत झालं, ताई.

परिषद बोलावली कोणी? सम्राट कॉन्स्टंटाइनने, ज्याचा तेव्हा बाप्तिस्माही झाला नव्हता. त्याआधी त्याने कॉर्डोव्हाच्या बिशप ओसियसच्या हाती अलेक्झांडर आणि एरियस दोघांना पत्र पाठवलं होतं, की एवढ्या क्षुल्लक गोष्टीवरून भांडू नका. त्याला साम्राज्यात शांतता हवी होती. पुत्र पित्याशी 'एकतत्त्व', म्हणजे एकाच तत्त्वाचा, आहे ही निकेयाची व्याख्या शास्त्रात कुठेही नाही. ती घातली गेली कारण एरियसच्या लोकांना तिच्यावर सही करणं अशक्य होतं. लिबियाच्या थिओनास आणि सेकुंदस या दोन बिशपांनी शेवटपर्यंत नकार दिला, ते एरियसबरोबर हद्दपार झाले. कैसरियाच्या युसेबियसने सही केली खरी, पण मग आपल्या मंडळीला पत्र लिहून सही का केली हे समजावत बसला.

हद्दपारीच्या धाकाखाली झालेल्या सह्या म्हणजे पवित्र आत्म्याचं मार्गदर्शन, असं मला म्हणता येत नाही.

वसईची लेक

जुनी पानं, तुम्ही ३२५ ला थांबलात. पुढची पानंही उलटा ना.

काही वर्षांतच एरियसला परत बोलावलं गेलं. कॉन्स्टंटाइनला ३३७ मध्ये मरणशय्येवर बाप्तिस्मा दिला निकोमीडियाच्या युसेबियसने, जो एरियसचा पाठीराखा. अथानासियस ३२८ मध्ये बिशप झाला आणि पाच वेळा हद्दपार झाला, सुमारे सतरा वर्षं आपल्या लोकांपासून दूर. पुढे कॉन्स्टंटाइनचा मुलगा कॉन्स्टँशियस सम्राट झाला, त्याने ३५९ मध्ये रिमिनी आणि सेल्युसियाला बिशप गोळा करून उलट्या बाजूच्या सह्या घेतल्या. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोमने नंतर लिहिलं की सगळं जग कण्हलं आणि आपण एरियन झालो हे पाहून थक्क झालं.

म्हणजे सत्ता बराच काळ निकेयाच्या विरुद्धच होती. सत्तेनेच सत्य ठरत असतं तर आज आपण सगळे एरियन असतो.

जुनी पानं

आणि ३८० मध्ये थिओडोसियसने फर्मान काढून निकेयाचा विश्वास साम्राज्याचा धर्म केला, ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलची परिषद बोलावली, तेव्हा? शेवटचा सम्राट निकेयावाला निघाला म्हणून निकेया टिकलं, असंही म्हणता येईल. शिवाय साम्राज्याबाहेर गॉथ टोळ्यांचे लोक त्यांच्यातल्या उल्फिलास या बिशपाच्या शिकवणीने त्यानंतरही कित्येक पिढ्या पुत्राला पित्याहून कमी मानणारेच राहिले. तेही ख्रिस्तीच होते, प्रार्थना करत होते.

एकच परमेश्वर

तुम्ही दोघेही वरून, म्हणजे स्वर्गातल्या पुत्रापासून, सुरुवात करताय. मसीहा हा मुळात यहुदी शब्द, अभिषिक्त, दाविदाच्या वंशातला माणूस. प्रेषितांची कृत्ये २:३६ वाचा. पेत्र म्हणतो, ज्या येशूला तुम्ही वधस्तंभावर दिलं त्याला देवाने प्रभू आणि ख्रिस्त असं केलं. 'केलं'! आधीपासून होता असं पेत्र तिथे म्हणत नाही. एबियोनी नावाने ओळखले जाणारे यहुदी ख्रिस्ती येशूला माणूसच मानत. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये थिओडोटस नावाचा चामड्याचं काम करणारा माणूस हेच सांगत होता. बिशप व्हिक्टरने त्याला मंडळीबाहेर काढलं.

एरियसचा ख्रिस्त मला सर्वांत कमी पटतो. धड देव नाही आणि धड माणूसही नाही. एरियसपंथीयांच्या मते येशूत मनुष्याचा आत्मा नव्हताच, त्या जागी तो निर्मित शब्द होता. मग अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत घाम गाळत 'हा प्याला टळो' असं म्हणणारा कोण?

वसईची लेक

गेथशेमानेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. नाझियान्झसचा ग्रेगरी या बिशपाने हेच पुढे अपोलिनारियसविरुद्ध वापरलं, जो ख्रिस्तात मनुष्याचं मन नव्हतं असं शिकवत होता. ख्रिस्ताने जे धारण केलं नाही ते बरं झालं नाही, म्हणून त्याला मनुष्याचं मनही हवंच. पण कृत्ये दोनवर थांबू नका. फिलिप्पैकरांस दुसरा अध्याय पौलाचा, कृत्यांच्या पुस्तकाआधीचा. त्यात ख्रिस्त 'देवाच्या स्वरूपाचा असूनही' स्वतःला रिक्त करतो. आधी असल्याशिवाय रिक्त कसं व्हायचं?

केडगावची वाट

इतका वेळ वाचत होते. या वादात आपलं एक माणूस आहे, त्यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतला त्यांचा पत्रव्यवहार वाचा, वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला. ख्रिस्ताचं देवत्व आणि त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) यांवर रमाबाई अडून बसल्या होत्या. अथानासियसच्या नावाने चालणारा मतांगीकार, जो मुळात त्याचा नाहीच, त्यांना मान्य नव्हता. जो हे मानणार नाही त्याचा सर्वनाश, ही त्यातली भाषा. मोठ्या कष्टाने इथल्या पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवली, आता दुसऱ्या पुरोहितांचं जोखड घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी बजावलं होतं.

पुढे त्याच रमाबाईंनी ख्रिस्ताला आपला तारणारा म्हणून सर्वस्व दिलं, केडगावला मुक्ती मिशन उभारलं आणि बायबलच्या मराठी भाषांतराचं काम १९२२ मध्ये मृत्यूच्या तोंडावर पुरं केलं. त्यांना कुणी हद्दपारीचा धाक घातला नव्हता. त्या वाचत, भांडत आणि प्रार्थना करत तिथवर पोचल्या. नगरकर दादांचं म्हणणं मला इथे पटतं. प्रश्न विचारणाऱ्या रमाबाईंना त्या सिस्टरांनी बाहेर काढलं असतं तर आपलं काय गेलं असतं याचा विचार करा. आमच्याकडच्या तरुण मुलांनी असं काही विचारलं की 'विश्वास ठेव' म्हणून गप्प बसवतात. ती मुलं मग उत्तर शोधायला दुसरीकडे जातात.

नगरकर

ताई, रमाबाईंचं आणलंत ते फार बरं केलंत.

वसईच्या ताईंचा तारणाचा मुद्दा मला मान्य आहे, त्यासाठीच मी निकेयाच्या बाजूला उभा आहे. पण मार्क १३:३२ चं उत्तर अजून आलं नाही. अथानासियस म्हणतो, मनुष्य म्हणून त्याला ठाऊक नव्हतं, देव म्हणून होतं. एकाच व्यक्तीत ठाऊक असणं आणि नसणं? प्रभू तिथे 'पुत्र' म्हणतो, 'मनुष्याचा देह' म्हणत नाही.

वसईची लेक

ते वचन अवघड आहे, त्यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही. मी इतकंच मानते की स्वतःला रिक्त करणं म्हणजे नुसतं देहाचं वस्त्र पांघरणं नव्हे. ज्याने उपाशी राहणं पत्करलं त्याने ठाऊक नसणंही पत्करलं. ४५१ मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेने दोन स्वभाव, एक व्यक्ती असं म्हटलं. त्यांची सरमिसळ नाही आणि फारकतही नाही. पण हे कसं घडतं ते सांगायचा प्रयत्न त्या बिशपांनीही केला नाही. तुम्ही यावर पुढे लिहा दादा, मी वाचेन आणि जिथे पटणार नाही तिथे भांडेन.